मनीला लावू या कोपऱ्याची सवय

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. त्यातलं एखादं घर आपलं निघतं. पोरं पिल्लू मांडीवर घेऊन बसतात, वाटीत दूध येतं, नावही ठरतं. तिसऱ्या दिवशी मात्र गादी ओली होते, तांदळाच्या पोत्यामागून वास सुटतो आणि 'हिला आधी सोडून या' असं फर्मान निघतं. तोवर पुसापुशी घरच्या बाईच्याच वाट्याला! राजुऱ्यात मांजर सोडायचं म्हणजे मोकाट कुत्रे आणि सिमेंट-कोळशाचे ट्रक यांच्या तोंडी द्यायचं. तेव्हा मैत्रिणींनो, त्याआधी पंधरा दिवस नेटाने प्रयत्न करून बघा.

मांजर मुळात स्वच्छ जनावर. तिचे पूर्वज कोरड्या, रेताड मुलखातले. मऊ जागा उकरायची, विधी उरकायचा आणि वर माती ओढायची, हे ती जन्मजात जाणते. आपण फक्त जागा दाखवायची. पिल्लू महिनाभराचं झालं की शिकवायला हरकत नाही.

टब कसा, आत काय?

जुना प्लास्टिकचा टब किंवा पसरट घमेलं चालतं. मांजर आत सहज वळली पाहिजे. पिल्लासाठी कड बुटकी हवी. आत दोन-तीन बोटं जाड थर द्या. बांधकामाची उरलेली रेती चाळून, उन्हात वाळवून घ्या. आरामशीनवरचा लाकडाचा भुसा किंवा राइस मिलमधलं धानाचं तूसही चालतं, पण ते पायाला चिकटून घरभर होतं, म्हणून रेतीत मिसळा. शेगडीची राख नको, ओली झाली की पायांना झोंबते.

बाजारातल्या 'कॅट लिटर'ची सुरुवातही अशीच घरगुती आहे. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एड लो नावाच्या तरुणाकडे शेजारीण मांजरीसाठी रेती मागायला आली. त्याने तिला ओल शोषणारी, आपल्या मुलतानी मातीच्या जातीची माती दिली. त्यातून पुढे मोठा धंदा उभा राहिला. विकतचं आणलंत तर एक लक्षात ठेवा. ओलं झाल्यावर गोळा होणारं लिटर लहान पिल्लांना नको, ती ते चाटतात.

सवय लावताना

पहिले काही दिवस पिल्लाला एकाच खोलीत ठेवा. टब एका शांत कोपऱ्यात आणि जेवणाच्या वाटीपासून लांब असू द्या. कूलरच्या घरघराटाजवळ किंवा ओल्या न्हाणीत ठेवू नका. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर तिला अलगद टबात ठेवा. पाय धरून उकरायला लावू नका, घाबरली तर ती परत तिकडे फिरकणार नाही. अंगणात वाढलेली मांजर असेल, तर वर तिथलीच मूठभर माती पसरा आणि रोज थोडी कमी करत न्या.

चुकून बाहेर केलंच, तर मारू नका, नाक घासू नका. त्याने ती एवढंच शिकते की तुमच्यासमोर करायचं नाही. मग पलंगाखाली जाते. कापडाने टिपून घ्या आणि तो बोळा टबात ठेवा, वासाने तिला जागा कळते. फरशी साबणाच्या पाण्याने धुऊन पाणी घातलेल्या व्हिनेगरने पुसा. फिनाईल वापरू नका, ते पायाला लागतं आणि चाटून पोटात जातं. डांबराच्या गोळ्याही मांजरीला विषारी आहेत.

गाईचं दूध बऱ्याच मांजरांना पचत नाही. जुलाब सुरू असतील तर शिस्त लागणार कशी? दूध बंद करून बघा.

टबातली घाण एखाद्या जुन्या झाऱ्याने रोज काढा. झारा त्याच कामाला ठेवा. आपल्याकडच्या मे महिन्यात दोनदा काढा, नाहीतर घरात उभं राहवणार नाही. कागदात गुंडाळून घंटागाडीत टाका. नालीत किंवा भाजीच्या वाफ्यात नको.

लेक बाळंतपणाला येणार असेल तर

'घरात गर्भार बाई, मांजर काढा' असा सल्ला हमखास मिळतो. भीती अगदी खोटी नाही. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू मांजरीच्या विष्ठेतून पसरतो आणि पोटातल्या बाळाला इजा करू शकतो. पण बाहेर पडल्यावर तो बाधायला निदान एक दिवस लागतो. म्हणून टब रोज साफ करा आणि ते काम गर्भार बाईला देऊ नका. दुसरं कुणी नसेल तर हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. मांजरीला कच्चं मांस देऊ नका. हा जंतू कच्चट मटणातून आणि न धुतलेल्या भाजीतूनही येतो, तिकडेही लक्ष हवं. डॉक्टरांना घरात मांजर असल्याचं सांगा. एवढी काळजी घेतली तर मांजर काढायची गरज नाही.

सवय मोडली तर

शहाणी मांजर अचानक बाहेर करू लागली, तर तो हट्ट नसून बहुधा दुखणं असतं. बोका वारंवार बसतो, कण्हतो आणि लघवी होत नाही, असं दिसलं तर बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजू नका. लघवीचा मार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. वयात आलेला बोका भिंतीवर फवारे मारत असेल, तर पाच-सहा महिन्यांनंतर नसबंदी हा चांगला उपाय. रेबीजची लसही टोचून घ्या.

आणखी एक गोष्ट आपल्या जंगलपट्टीतल्या मैत्रिणींसाठी. शेतात, धुऱ्यावर सापडलेलं पट्ट्या-ठिपक्यांचं पिल्लू रानमांजराचं, अगदी बिबट्याचंही असू शकतं. त्याची आई बहुतेक जवळपासच असते. हात न लावता वनविभागाला कळवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते घरी ठेवणं गुन्हा आहे.

घरची मनी मात्र कोपरा ओळखायला लागली की सासूबाईंचाही राग ओसरतो. मग रेती आजच चाळायला घ्या!