क्यूएल: फजितीखाली दबलेलं चांगलं काम

स्वस्तातल्या आणि एकाच वेळी अनेक कामं करणाऱ्या घरगुती संगणकावर लेख हवा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात अमिगा होता. मी सिंक्लेअर क्यूएल मागून घेतला. अमिगाचं कौतुक भरपूर झालं आहे. क्यूएलचं नाव निघालं की मात्र लोकांना आधी त्याची फजिती आठवते.

१२ जानेवारी १९८४ रोजी सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी लंडनमध्ये हे यंत्र जाहीर केलं. किंमत ३९९ पौंड, सोबत सायन कंपनीचे लेखन, हिशेब, नोंदी आणि आलेख यांसाठीचे चार प्रोग्रॅम. बाराच दिवसांनी ॲपलचा मॅकिंटॉश आला, २,४९५ डॉलरला. मेमरी दोघांचीही १२८ किलोबाइट, प्रोसेसर मोटोरोलाच्या एकाच घराण्यातले. क्यूएलमधला ६८००८ आतून ३२ बिटांचा, पण बाहेरची वाट फक्त ८ बिटांची, म्हणजे एक मोठा आकडा आणायला चार खेपा. पैसे वाचले ते असे. पण मॅकिंटॉश तेव्हा एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवायचा, आणि क्यूएलची ऑपरेटिंग सिस्टीम मुळातच अनेकांसाठी रचलेली होती.

तिचं नाव क्यूडॉस, कर्ते टोनी टेबी. मला मोह पडतो तो इथे. चालू असलेला प्रत्येक प्रोग्रॅम हा एक ‘जॉब’ आणि प्रत्येक जॉबला स्वतःचा प्राधान्यक्रम. सेकंदाला ५० वेळा ठोका पडतो आणि आता पाळी कोणाची, ते क्यूडॉस ठरवतं. आधीच्या प्रोग्रॅमने आपणहून बाजूला व्हावं म्हणून ते थांबत नाही, पाळी सरळ काढून घेतं. कंट्रोल आणि सी दाबलं की कर्सर पुढच्या जॉबच्या खिडकीत. मॅकिंटॉशच्या सामान्य वापरकर्त्याला ही शिस्त मिळायला ओएस टेन, म्हणजे २००१ साल उजाडावं लागलं. हे सगळं, जॅन जोन्स यांच्या सुपरबेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेसकट, ४८ किलोबाइटच्या रॉममध्ये बसवलं होतं. फिनलंडमध्ये, पुढे लिनक्स घडवणाऱ्या तरुण लिनस टोरवाल्ड्सने असाच एक क्यूएल घेतला आणि त्यासाठी स्वतःचा असेम्बलर आणि एडिटर लिहून काढला.

आता मायक्रोड्राइव्ह. फ्लॉपी महाग, म्हणून सिंक्लेअरने काडेपेटीपेक्षा लहान कार्ट्रिज काढली. तिच्यात सुमारे पाच मीटर लांबीची, दोन मिलिमीटरहूनही अरुंद, टोकं जोडलेली फीत. ती गुंडाळीच्या मधून निघते, हेडवरून धावते आणि गुंडाळीला बाहेरून पुन्हा चिकटते. एक फेरा सात-आठ सेकंदांचा, मावणारा मजकूर सुमारे १०० किलोबाइट. फीत हेडवर नीट टेकावी म्हणून मागे मऊ नमद्याचा एक तुकडा. तो निखळला की सगळं असूनही काही वाचता येत नाही. नवी कार्ट्रिज वापरण्याआधी अनेकदा फॉरमॅट करून ताणून घ्यायची, हा वापरणाऱ्यांचा नेम होता. इतक्या नाजूक फितीवर माणसांनी आपला धंद्याचा हिशेब ठेवावा, हे धाडस मला आजही पटत नाही.

खरी इजा मात्र घाईने केली. जाहीर झालं तेव्हा यंत्र तयारच नव्हतं. २८ दिवसांत घरपोच, असं आश्वासन देऊन मागण्या घेतल्या. पहिली यंत्रं ग्राहकांना मिळेपर्यंत एप्रिल संपत आला. तीही अर्धवट. आतमध्ये ३२ किलोबाइट रॉमची सोय आणि सॉफ्टवेअर त्याहून मोठं, म्हणून उरलेले १६ किलोबाइट मागच्या खाचेत बाहेर लोंबणाऱ्या एका पट्टीवर आले. ग्राहक तिला डोंगल म्हणायचे.

त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट मेमरीची. १२८ किलोबाइटमधले ३२ एकटा पडदा घ्यायचा. उरलेल्यातली जवळजवळ सगळी जागा सायनचा एकेक प्रोग्रॅम अडवून बसायचा. म्हणजे पत्र लिहिता लिहिता हिशेब पाहायचा, तर जास्तीची मेमरी विकत आणा. ज्या गुणासाठी यंत्र घ्यायचं, तो पेटीतून काढल्याबरोबर हाती लागतच नसे. चांगल्या सिस्टीमवर याहून मोठा अन्याय कोणता?

१९८५ मध्ये किंमत १९९ पौंडांवर आली. एप्रिल १९८६ मध्ये ॲमस्ट्रॅडने सिंक्लेअरच्या संगणकांचे हक्क ५० लाख पौंडांना घेतले, त्यांतला स्पेक्ट्रम हा संगणक ठेवला आणि क्यूएल बंद केला. टेबी १९८४ मध्येच बाहेर पडले होते. अपुरं यंत्र बाजारात लोटल्याचा त्यांना राग होता. पण काम त्यांनी सोडलं नाही. क्यूजंप या नावाखाली त्यांनी टूलकिट टू काढून क्यूएलमध्ये राहून गेलेल्या कितीतरी आज्ञा पुरवल्या आणि पुढे एसएमएसक्यू ही सिस्टीम लिहिली. तिच्यामुळे क्यूएलचे प्रोग्रॅम इतर यंत्रांवरही चालू लागले.