पऱ्हाटीतला कामगंध

मोहगावच्या बी-खताच्या दुकानापुढे रांग लागली आहे. दुपार टळली, पण ऑक्टोबरचं ऊन टिनाच्या छपरातून अजून खाली उतरतंय. पंखा फिरतो, वारा गल्ल्यापलीकडे येत नाही. संत्र्याच्या बागा असलेलेही रांगेत आहेत, पण या महिन्यात सगळ्यांचा जीव पऱ्हाटीत अडकलेला. कुणी टोपीनं वारा घेतो. कुणी खिशातून एक फूल काढून शेजाऱ्यापुढे धरतो. पाकळ्या उमललेल्या नाहीत, आतल्या अळीनं धाग्यांनी बांधून टाकल्यात. डोमकळी. शेजारी नुसती मान हलवतो.

"ल्युर द्या जी, बोंडअळीचं."

"कोणत्या? हिरव्या का गुलाबी?"

दुकानदार हे प्रत्येकाला विचारतो, आणि विचारावंच लागतं. हिरव्या बोंडअळीचं ल्युर लावलं तर गुलाबीचे नर तिकडे फिरकत नाहीत. दोघींचं शेत एक, झाड एक, रात्र एक. हाक मात्र वेगळी.

पाकिटातून निघतं ते औषधाच्या बाटलीच्या रबरी बुचाएवढं ल्युर. मला त्याचा काहीच वास येत नाही. गुलाबी बोंडअळीच्या मादीचा कामगंध त्यात मुरवलेला आहे. हा गंध म्हणजे दोन रसायनांचं जवळपास निम्मं-निम्मं मिश्रण. शास्त्रज्ञांनी ते 1973 मध्ये ओळखलं आणि त्याला गॉसीप्ल्युर नाव दिलं. "उघड्या हातानं धरू नका," दुकानदार बजावतो. एका ल्युरचा अंश हाताला लागून दुसऱ्यावर गेला की नर गोंधळतात.

गाव मागे पडतं. बागांमधून वाट जाते, मग काळी जमीन सुरू होते. पऱ्हाटी छातीला लागते. खालची बोंडं फुटलीत, वरची हिरवीच आहेत. नरसाळ्याचे पिवळे सापळे झाडांच्या शेंड्यांच्या जरा वर टांगलेत, खाली पॉलिथिनच्या पिशव्या. शेताचे मालक काका एक हिरवं बोंड अंगठ्यानं फोडतात. बाहेरून छिद्र नाही, डाग नाही. आत गुलाबी अळी, पिवळा पडलेला कापूस, पोखरलेली सरकी. काका ते बोंड बांधावर फेकत नाहीत, पिशवीत टाकतात. अळी जगली तर पुढच्या हंगामापर्यंत सरकीत झोपून राहते.

अंधार पडतो. पहिल्यांदा कानावर येतात रातकिडे. बांधाकडून, मग चहूकडून. नर पंखावर पंख घासून माद्यांना बोलावतायत. ही हाक मादीलाच ऐकू जाते असं नाही. हवाई बेटांतल्या काउआईवर रातकिड्याच्या गाण्यावरून माग काढत एक परजीवी माशी येते आणि त्याच्या अंगावर आपल्या अळ्या सोडते. 2003 मध्ये तिथले नव्वद टक्क्यांहून जास्त नर मुके निघाले. पंखांवरची घासायची रचनाच गेलेली. वीसपेक्षा कमी पिढ्यांत. मोहगावचे रातकिडे अजून मोकळेपणी गातात. मी ऐकत बसतो.

पतंगांची वेळ मध्यरात्रीनंतरची. थांबण्याला इलाज नाही. डास चावतात, पाय अवघडतात. उशिरानं बॅटरीच्या अंधूक उजेडात पानावर एक करडी मादी दिसते, जेमतेम नखाएवढी. पोटाचं टोक बाहेर काढून ती स्थिर बसली आहे. गंध सुटतोय तो नॅनोग्रॅमच्या हिशेबात. वाऱ्याविरुद्ध एक नर नागमोडी उडत येतो, चुकतो, मागं फिरतो, पुन्हा येतो.

गंधाच्या मिश्रणाचं एवढं काटेकोर प्रमाण कसं टिकतं, त्याचं उत्तर इथंच समोर आहे. जिचं मिश्रण बिघडतं, तिच्याकडे नर येत नाही. जो नर भलत्याच गंधामागे जातो, त्याला मादी मिळत नाही. दोघांचाही वंश तिथंच खुंटतो. तरीही कधीतरी हे प्रमाण सरकतं आणि नवी जात वेगळी होते. हिरव्या बोंडअळीच्या गंधात एका रसायनाचा वाटा सुमारे 97 टक्के, दुसऱ्याचा 3. तिची तंबाखूवर जगणारी जवळची बहीण हीच दोन रसायनं वापरते, पण प्रमाण जवळपास उलटं. मला यातलं हेच सगळ्यात विलक्षण वाटतं.

उजाडतं. काका पिशव्या सोडतात आणि मेलेले पतंग तळहातावर मोजतात. "काल सात होते, आज नऊ आले जी." एका सापळ्यात रात्रीला आठ, आणि असं सलग तीन रात्री, ही फवारणीची खूण. सापळ्यात सापडतात ते फक्त नर. माद्या शेतातच राहतात. उरलेला एक नर अनेकींना पुरतो. म्हणून दोन-चार सापळे लावले म्हणजे अळी संपली असं होत नाही. ते आपल्याला वेळ सांगतात.

आपल्याकडे बीटी कपाशीला ही अळी सरावली. गंधालाही सरावू शकते. जपानच्या चहामळ्यांत 1983 पासून एका पतंगाला फसवायला त्याच्या गंधातला एकच घटक वापरत होते. पुढे काही वर्षांत पतंग त्याला फसेनासे झाले. मग गंधाचे सगळे घटक एकत्र वापरावे लागले. उलट अमेरिकेनं 2018 मध्ये आपल्या कपाशीतून गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं. तिथं कामगंध होता, बीटी होती, वांझ केलेले पतंगही सोडले होते, आणि सगळे शेतकरी एकाच वेळी कामाला लागले होते.

तेव्हा शेतकरी बंधूंनो, शिवारातल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात सापळे लावा, ल्युर वेळेवर बदला, डोमकळ्या वेचून नष्ट करा. आणि वेचणी संपली की पऱ्हाटी उपटा. फरदड ठेवू नका.