गादीवाफ्याच्या फळ्या आणि इंदूरचा खड्डा

ब्रिटनमधली अलॉटमेंट म्हणजे स्थानिक परिषदेनं नाममात्र भाड्यानं दिलेला, घरच्यापुरती भाजी पिकवायचा जमिनीचा तुकडा. मागणी असेल तिथे असे तुकडे पुरवण्याचं बंधन 1908 च्या कायद्यानं परिषदांवर आलं. पूर्ण तुकड्याचं रूढ माप दहा रॉड, म्हणजे साधारण 250 चौरस मीटर, आपले अडीच गुंठे. दुसऱ्या महायुद्धात हे तुकडे चौदा लाखांच्या घरात गेले, पुढे ओसरले. तो इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. त्या पिढीनं जिथे ओळी खणून बटाटे लावले, तिथे आता फळ्यांच्या चौकटी दिसतात आणि त्यांत विकतची माती. आपल्याकडे गादीवाफा कांद्याच्या, मिरचीच्या रोपांपुरता असतो. तिकडे तो अख्ख्या बागेचा साचा होऊन बसला आहे. त्यानं पीक सुधारतं हे खरं, पण त्याचं श्रेय फळ्या खातात. ते द्यायला हवं वाफ्यात पाय न ठेवण्याच्या शिस्तीला आणि वरून पसरलेल्या कंपोस्टला. यातल्या कंपोस्टचा माग काढत गेलं की आपण थेट होळकरांच्या इंदुरात पोचतो.

आधी फळ्यांचा हिशेब. 1.2 मीटर रुंद, 2.4 मीटर लांब आणि 30 सेंटिमीटर उंच चौकटीत साडेआठशे लिटरहून जास्त माती मावते. तिचं वजन टनाच्या आसपास. असे दहा वाफे म्हणजे दहा टन माल विकत आणायचा, तोही जिथे पायाखाली माती आधीच आहे तिथे! लाकूड काही वर्षांत कुजतं. कुजू नये म्हणून रेल्वेचे जुने स्लीपर आणावेत तर त्यांत क्रिओसोट हे लाकूड टिकवणारं रसायन मुरलेलं असतं, जे तिकडे 2003 पासून घरगुती वापराला बंद आहे. वाफ्याची रुंदी मात्र विचारपूर्वक ठरलेली आहे. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो, त्यामुळे आत पाऊल टाकावं लागत नाही. न तुडवलेल्या मातीत हवा खेळते, पाणी मुरतं, मुळं सहज खाली उतरतात. वाटांमध्ये चौथा हिस्सा जागा जाते हा आक्षेप बरोबर आहे, पण ओळींमधून चालायचं नसल्यामुळे वाफ्यात रोपं जवळ जवळ लावता येतात आणि तूट बरीचशी भरून निघते. हे सगळं दोरी लावून आखलेल्या, बिनफळीच्या वाफ्यातही तंतोतंत घडतं.

न खणता वरूनच खत पसरायचं, ही कल्पना तिकडे सुखासुखी रुजली नाही. युद्धकाळातली सरकारी घोषणाच होती, विजयासाठी खणा; भित्तिपत्रकावर फावड्यावर रोवलेला बूट. चांगला बागाईतदार दोन फावडी खोल खणतो, ही तिथली नीतिमत्ता होती. वास्तविक 1930 च्या दशकातच रोथॅमस्टेडच्या संशोधन केंद्रात कीन आणि रसेल या दोघांनी मशागतीचे प्रयोग करून दाखवलं होतं की जास्तीच्या मशागतीनं उत्पन्न फारसं वाढत नाही. मशागतीचा मुख्य फायदा तण मरण्याचा. शास्त्रज्ञांचं हे म्हणणं बागेपर्यंत पोचलं नाही. ते पोचवलं एका माळ्यानं. वेस्टमोरलंडमधल्या लेव्हन्स हॉलचा मुख्य माळी एफ. सी. किंग यानं 1946 साली खणण्याची गरजच काय, असा प्रश्न पुस्तकाच्या नावातच विचारला. कातरकामाच्या शोभिवंत झाडांसाठी प्रसिद्ध असलेल्या बागेतल्या माणसानं फावड्यावर शंका घ्यावी, हे अनेकांना रुचलं नसणार. पण खणणं सोडायचं तर वरून घालायला उत्तम कुजलेलं खत हवं, भरपूर हवं, आणि घोडे तर रस्त्यांवरून नाहीसे होत चालले होते. किंग कंपोस्टचा कट्टर पुरस्कर्ता होता तो त्यामुळेच.

या कंपोस्टची शास्त्रशुद्ध कृती 1931 साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं छापलेल्या, शेतीतल्या टाकाऊ मालावरच्या एका पुस्तकात आहे. मुखपृष्ठावर नावं दोन: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. हॉवर्ड पुढे सर झाला, सेंद्रिय शेतीचा आद्यपुरुष ठरला; इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीतले रसायनशास्त्राचे मुख्य सहायक वाड तळटिपांपुरते उरले. पुस्तक वाचताना मात्र रसायनाची बाजू सांभाळणाऱ्या माणसाचा काटेकोरपणा पानोपानी जाणवतो. खड्डा 30 फूट लांब, 14 फूट रुंद, पण खोली दोनच फूट, कारण त्याखाली हवा पोचत नाही. पऱ्हाट्या आणि तुराट्या लवकर कुजत नाहीत, म्हणून त्या आधी शेतरस्त्यावर अंथरायच्या. गाड्यांच्या चाकांखाली आपोआप चुरा होतो. मग शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती, राख, पाणी. तीनदा उलथापालथ आणि तीन महिन्यांत खत तयार. पावसाळ्यात खड्डे पाण्यानं भरतात, तेव्हा तोच माल जमिनीवर ढीग करून कुजवायचा. वाड तिथेच थांबले नाहीत. 1934 साली जॅक्सन या सहलेखकाबरोबर त्यांनी वस्तीतला मैला आणि कचरा याच पद्धतीनं शेतीला कसा लावता येईल, यावर पत्रिका लिहिली. सेंद्रिय शेतीची कथा इंग्लंडमधून सांगितली जाते तेव्हा एका साहेबाला पूर्वेत साक्षात्कार झाला असा तिचा सूर असतो. कोष्टकं मांडणाऱ्या माणसाला त्या सुरात जागा नाही, आणि आपणही ती मागितलेली नाही.

उंचीचा उपयोगच नाही, असं कुणी म्हणेल तर तेही चूक. चिकणमातीत पाणी तुंबत असेल तर उंचवटा हवाच. पाटणचेरूच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेनं काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरीची (बीबीएफ) पद्धत विकसित केली ती याच कारणानं, आणि मराठवाडा-विदर्भातले शेतकरी बीबीएफ यंत्रानं सोयाबीन पेरतात तेही त्यासाठीच. पण तो वरंबा मातीचाच असतो, त्याला फळी लागत नाही. उलट केंब्रिजच्या बाजूला वर्षाचा पाऊस 600 मिलिमीटरही नसतो. तिथे उंच चौकट उन्हाळ्यात लवकर सुकते आणि मालकाला झारी घेऊन धावायला लावते. सॉमरसेटचा चार्ल्स डाउडिंग 2013 पासून खणलेला आणि न खणलेला असे दोन वाफे शेजारी शेजारी राखतो, दोन्हींना सारखंच कंपोस्ट देतो. न खणलेल्याचं उत्पन्न एकूण थोडं अधिक भरतं. दोन वाफे आणि एक माळी यांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मान्य. पण न खणल्यानं नुकसान होतं हे जुनं भय त्यातून नक्कीच फिटतं. डाउडिंग कायमच्या फळ्याही टाळतो, कारण त्यांच्या आडोशाला गोगलगायी वाढतात. खऱ्या गरजा दोनच उरतात. वाकता न येणाऱ्या किंवा चाकाच्या खुर्चीतून बागकाम करणाऱ्या माणसाला कमरेएवढा वाफा हवाच. आणि जुन्या कारखान्याच्या जागेतली माती दूषित असेल तर वरची माती वेगळी राखावीच लागते. तिथे लाकडाचा खर्च वसूल होतो.

तेव्हा गच्चीवर किंवा बंगल्यामागे वाफे करायचा बेत असेल, तर गच्चीला कडा लागणारच, तिथे वाद नाही. पण जमीन असेल तर फळ्यांचे पैसे वाचवा. पावसाळ्यात पाणी तुंबत असेल तर वरंबा उचला, उन्हाळ्यात सपाट वाफ्यात पाणी धरा आणि उरलेल्या पैशातून दोन फूट खोलीचा एक खड्डा खणून घ्या.