चाकोरीबाहेरची गाडी

हौसेला मोल नसते असे म्हणतात. नसेलही. पण हौसेच्या मोटारीला पोटाखाली तेलाचा चेंबर असतो, तो जमिनीपासून वीतभरही उंच नसतो आणि तो फुटायला आमच्या सेलूच्या रस्त्यावरचा एक दगड पुरतो, ही गोष्ट म्हण रचणाराच्या ध्यानात आली नसावी.

2025 च्या दसऱ्याला आमच्या भाच्याने सोने वाटता वाटताच जाहीर केले, ‘‘मामा, गाडी घेतोय. जुनी घेतोय, पण स्पोर्टी घेतोय!’’ वय सव्वीस, गाठीला पाच लाख रुपये आणि डोळ्यांपुढे लाल रंग. त्याच्या हौसेला नाव ठेवण्याचे मला कारण नव्हते. तरुणपणी मोटार हाकण्यात गोडी वाटायची नाही तर केव्हा? परंतु त्या घरात दुसरेही एक माणूस राहते. त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण. तिला दमा आहे. थंडी पडली, कापसाचा नि मळणीचा धुरळा उडू लागला, म्हणजे कोणत्या रात्री तिला घेऊन परभणी गाठावी लागेल याचा नेम नसतो. तेव्हा एकाच मोटारीने लेकाची हौस भागवायची आणि आईचा श्वासही सांभाळायचा, असा हा दुहेरी व्यवहार होता. गाडी बघायला ‘मामा’ला बरोबर घेतले ते त्यामुळेच.

हिवाळ्याची गाडी म्हटले की युरोपातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे बर्फ येते. तिकडे हिवाळ्याचे टायरच वेगळे असतात. सात अंशांच्या खाली साधे रबर कडक होते, म्हणून मऊ राहणाऱ्या रबराचे टायर चढवतात. आपल्याला त्याचा उपयोग नाही. परभणीचा पारा एखाद्या पहाटे पाच अंशांच्या खाली उतरतो खरा, पण दुपारी पुन्हा घाम येतो. आपल्या हिवाळ्याचे वैरी निराळे आहेत. ते तीन आहेत: चाकोरी, काळोख आणि पहाटेचा गारठा.

पहिली चाकोरी. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसून भेगाळते. तिच्यावरून गेलेला डांबरी रस्तासुद्धा त्यामुळे लाटांसारखा वरखाली होतो. मग शेताकडच्या पांदणीची काय कथा! पावसाळ्यात ट्रॅक्टर आणि बैलगाड्या त्या चिखलात खोल चाकोऱ्या पाडतात. कार्तिक उलटला की तोच चिखल वाळून विटेसारखा टणक होतो. दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा, म्हणजे मोटारीच्या चेंबरसाठी मांडून ठेवलेली सुरीच! हुरड्याचे आमंत्रण याच दिवसांत येते आणि हुरडा काही डांबरी रस्त्यावर भाजत नाहीत.

म्हणून मी भाच्याला सांगितले, ‘‘अरे, घोडे किती आहेत ते नंतर मोज. आधी पोट किती उंच आहे ते मोज.’’ त्याच्या मनात भरलेली गाडी होती अबार्थ पुंटो. 2015 साली रांजणगावच्या कारखान्यातून बाहेर पडलेली, 145 अश्वशक्तीची, चारही चाकांना डिस्क ब्रेक असलेली. गाडी देखणी आणि पळण्यात वाघ, यात वाद नाही. पण जमिनीपासून तिची उंची 155 मिलिमीटर. 2011 साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या स्विफ्टची उंची 170. फरक दीड सेंटिमीटरचा, म्हणजे एका बोटाचा. पण त्या एका बोटात चेंबर वाचतो किंवा फुटतो.

तीच गोष्ट टायरची. टायरच्या कडेला आकडे असतात. समजा 195/55 असे लिहिले असेल, तर रुंदी 195 मिलिमीटर आणि बाजूच्या भिंतीची उंची तिच्या 55 टक्के, म्हणजे 107 मिलिमीटर. 185/65 असेल तर भिंत 120 ची. शहरातली हौशी मंडळी भिंत कमी करून मोठी मॅग व्हील चढवतात, कारण वळणावर गाडी घट्ट वाटते. आपल्याकडे खड्ड्याच्या काठावर तीच भिंत चिमटते आणि चाकाची कड वाकते. बाजूची भिंत ही गाडीची गादी आहे. ती काढून टाकण्यात शहाणपण नाही.

दुसरा वैरी काळोख. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू होतो आणि उसाच्या जोड ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर असतात. पुष्कळ ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो आणि परावर्तक असला तरी धुळीने झाकलेला असतो. त्यात दुधनेच्या आणि कालव्यांच्या आजूबाजूला पहाटे धुके. इथे थोडे गणित मांडतो. ताशी 80 किलोमीटर वेगाने मोटार एका सेकंदात 22 मीटर जाते. समोरचे दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत तो एक सेकंद संपतो. पुढे कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरांनिशी थांबायला सुमारे 31 मीटर लागतात. एकूण 53. डिपरच्या उजेडात दिसते 40 ते 50 मीटर. ताशी 60 ला हाच हिशेब 34 मीटरांवर येतो. म्हणजे 80 ला ट्रॉली दिसते, पण चुकत नाही. 60 ला दिसते आणि चुकतेही. मग 145 घोडे रात्रीच्या वेळी करणार काय? ते तबेल्यातच राहणार.

याचा अर्थ हौस सोडावी असा नव्हे. हौस कशात आहे ते नीट ओळखावे, इतकेच. हलकी गाडी लवकर वळते, लवकर थांबते आणि स्टेअरिंग हातात बोलते. हजार किलोच्या आतली, पुढच्या चाकांना जोर देणारी छोटी गाडी ताशी 50 ला जी गंमत देते, ती जड गाडी शंभराला देत नाही. शिवाय इंजिनाचे वजन पुढच्या चाकांवर असल्याने निसरड्यावर तीच चाके रस्ता पकडून गाडी ओढून नेतात.

तिसरा वैरी गारठा. पण गाडी घेताना तोच आपला मित्र होतो. जुनी गाडी पाहायला पहाटे जावे आणि आधी बॉनेटवर तळहात ठेवावा. ते कोमट लागले तर मालकाने इंजिन आधीच तापवून ठेवले आहे असे समजावे. थंडीत बॅटरी मंदावते, तेल घट्ट होते. सेल्फ कण्हतो की एका दमात इंजिन उठवतो, डिझेल असेल तर ग्लो प्लग काम करतात की नाही, मागून निळा धूर येतो काय, हे सगळे दुपारच्या उन्हात लपते. पहाट ते लपू देत नाही.

दोन महिन्यांत आम्ही सात गाड्या पाहिल्या. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आहे. तिथे 2001 पासून ऑक्टाव्हिया बनू लागली, म्हणून तिच्या आर. एस. अवताराबद्दल भाच्याला घरच्यासारखा जिव्हाळा. चाकणच्या पोलो जी. टी. वरही जीव जडला होता. तिचे टर्बो इंजिन 105 अश्वशक्तीचे, आणि गिअर बदलणारी पेटी इतकी चलाख की हात लावायला नको. पण ती पेटी बिघडली तर सेलूत तिला हात लावणारेही कोणी नाही. फोर्ड फिगोचे डिझेल मला स्वतःला पसंत होते: 100 अश्वशक्ती, 174 मिलिमीटर उंची, वळणावर पक्की बैठक. तिच्या कंपनीने 2021 साली भारतातले उत्पादन थांबवण्याचे जाहीर केल्यामुळे किंमतही उतरलेली. इथे आमच्या मिस्त्रींनी एकच प्रश्न विचारला: ‘‘सर, बाईंना रात्री दोनला दवाखान्यात न्यायचंय आणि आदल्या दिवशी लिंक रॉड तुटलाय. पार्ट कुठून आणता?’’ भाचा गप्प झाला. मीही.

अखेर ठरली ती 2016 ची स्विफ्ट झेड एक्स आय, पेट्रोलवाली. टर्बो नाही, सुमारे 84 अश्वशक्तीचे साधे इंजिन, वजन हजार किलोच्या आत, ए. बी. एस. आणि दोन एअरबॅग. तेव्हा हे सगळ्याच गाड्यांना सक्तीचे नव्हते; नव्या गाड्यांना ए. बी. एस. सक्तीचे झाले 2019 मध्ये, म्हणून त्याआधीची गाडी घेणाऱ्याने हे विचारून घ्यावे. आणि पार्ट? तालुक्याच्या गावी मिळतात, नाहीतर सकाळच्या बसने परभणीहून येतात.

पैसे मोजण्यापूर्वी मिस्त्रींनी गाडी वर चढवून खालून पाहिली. चेंबरला ठोक्याची खूण नव्हती. मग सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला, चटई उचलली, स्टेपनीची खोबण कोरडी आहे का ते चाचपले. 2005 ची मुंबई, 2015 ची चेन्नई, 2019 चे सांगली-कोल्हापूर आणि 2025 च्या सप्टेंबरातला आपलाच मराठवाडा, अशा प्रत्येक पुरानंतर बुडालेल्या गाड्या धुऊन पुसून दूरच्या बाजारात उभ्या राहतात. बेल्टच्या आतल्या टोकावरचा गाळ मात्र धुतला जात नाही. इंजिनात पाणी शिरलेली गाडी तर फुकटही नको, कारण पाणी दाबले जात नाही, दट्ट्याचा दांडा वाकतो.

टायरवर ‘2319’ असे चार आकडे असतील तर तो 2019 च्या 23 व्या आठवड्यात बनला असे समजावे. या गाडीचे टायर खोबणीने चांगले, पण वयाने म्हातारे होते. किंमत तेवढी खाली आली आणि त्या पैशांतून आम्ही चार नवे टायर, पुढचे शॉकअप नि बुश बदलले आणि हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचा घासून घेतल्या. इंधनाच्या रबरी नळ्याही तपासल्या, कारण 2025 पासून बहुतेक सगळ्या पंपांवरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असते आणि जुन्या गाड्या त्या हिशेबाने बनलेल्या नाहीत. पुढे ट्रॉलीत ऊस आणि टाकीतही थोडा ऊसच, अशी आपली गत आहे!

कागदपत्रांत आळस करू नये. मालकी बदलण्याचे नमुने 29 आणि 30, कर्ज असेल तर ते फिटल्याचा नमुना 35, आणि चौदा दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज. गाडी बाहेरच्या जिल्ह्यातली असेल तर पहिल्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला घेऊनच परभणीच्या 22 क्रमांकाकडे वळावे.

जानेवारीतल्या एका रात्री दीड वाजता बहिणीचा श्वास कोंडला. मी मागे तिला धरून बसलो होतो. धुके असे की रस्त्याची कड दिसेना. भाच्याने काटा साठच्या वर जाऊ दिला नाही. एका वळणापुढे अचानक उसाची भिंत उभी राहिली. दिवा नाही, काही नाही. ब्रेक पायाखाली थरथरला, गाडी सरळ राहिली, उजवीकडचा रस्ता मोकळा पाहून त्याने ती अलगद बाहेर काढली. वाफ घेऊन, सुई टोचून पहाटे बहिणीला बरे वाटले, तेव्हा ती लेकाला म्हणाली, ‘‘एवढ्या हळू का रे आणलंस? मला वाटलं, तुझी गाडी पळायची आहे.’’

पळायची आहेच. रविवारी सकाळी पाथरीच्या रस्त्याला ऊन पडले, वाहतूक विरळ असली, की भाचा मला शेजारी बसवतो. तिसऱ्या गिअरात वळण घेताना स्टेअरिंगवर त्याची बोटे सैल असतात आणि चेहऱ्यावर जे असते ते पाच लाखांत स्वस्तच म्हणायचे. या दिवाळीत जुनी गाडी घ्यायला निघालेल्यांनी म्हणूनच एवढे करावे: रंग पाहण्याआधी गाडीखाली वाकून एक वीत धरावी, आणि घरातल्या सगळ्यांत अशक्त माणसाला एकदा पुढच्या सीटवर बसवून पाहावे.