तक्त्यात न मावलेले बेडूक

सावंतवाडी तालुक्यातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. वर्गातल्या तक्त्यावर बेडकाचं आयुष्य चार चित्रांत संपतं: पाण्यात अंडी, शेपटीवाला टॅडपोल, पाय फुटलेलं पिल्लू, बेडूक. भातशेतीत डराव डराव करणाऱ्या मोठ्या बेडकाला हा तक्ता अगदी लागू पडतो. पहिल्या पावसात त्याचा नर पिवळाधमक होतो, गळ्याशी निळ्या पिशव्या फुगवून मादीला हाका घालतो आणि अंडी साचल्या पाण्यात पडतात.

पण आंबोलीच्या घाटात मुलांना घेऊन गेले की तक्ता अपुरा पडतो.

बेडकाच्या अंड्याला कवच नसतं, नुसता जेलीचा थर. उघड्यावर ते सुकून मरणार, म्हणून पाणी हवं. पाण्यात मात्र मासे असतात, चतुराच्या अळ्या असतात. त्या मोठ्या बेडकाचे टॅडपोलसुद्धा इतरांचे टॅडपोल खातात. सह्याद्रीत पावसाळाभर हवाच इतकी ओली असते की अंडी पाण्याबाहेरही तगतात. इथल्या अनेक बेडकांनी ही संधी साधली आहे.

मलबारी उडत्या बेडकाची मादी स्रावाला मागच्या पायांनी घुसळून फेस करते आणि पाण्यावर झुकलेल्या फांदीला त्याचं घरटं बांधते. फेस बाहेरून घट्ट होतो, आत ओलावा टिकतो. पिल्लं तयार झाली की खालच्या पाण्यात टपकतात. इंडिराना बेडकांचे टॅडपोल पाणी झिरपणाऱ्या खडकांवरच वाढतात, चक्क उड्या मारतात. मुलं त्यांना आधी पाली समजतात! झुडपी बेडूक तर टॅडपोलची पायरीच गाळतात. मातीत किंवा पानावर घातलेल्या त्यांच्या अंड्यातून नखाएवढाही नसलेला पूर्ण बेडूक बाहेर येतो.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो ओढ्याकाठचा बॉम्बे नाइट फ्रॉग. बहुतेक बेडकांत नर मादीला घट्ट मिठी मारतो. हा नर मिठी मारत नाही. हात पानावर टेकवून तिच्या पाठीवर नुसता बसतो, शुक्राणू तिच्या पाठीवर सोडतो आणि बाजूला होतो. मादी त्यानंतर अंडी घालते, आणि पाठीवरून ओघळणाऱ्या शुक्राणूंनी ती फळतात. शास्त्रज्ञांनी ही पद्धत 2016 साली जगापुढे मांडली. या जातीत मादीही साद घालते. बेडकांत ते दुर्मीळ.

आंबोली टोड मात्र पाण्यालाच धरून आहे, तेही जांभ्या दगडाच्या सड्यावरच्या उथळ डबक्याला. 2009 साली नाव मिळालेली ही जात आज अतिसंकटग्रस्त आहे. सडा पाहून लोक म्हणतात, ओसाड आहे, काही उगवत नाही. खाण काढा, रस्ता न्या, इमारत बांधा. उन्हाळ्यात तो ओसाड दिसतो हे खरं. म्हणून मी पालकांनाही सड्यावर नेते ते जूनमध्ये, बोटभर पाण्यात टोडची अंडी दिसतात तेव्हा.