श्रवणयंत्र : कानाशी जुळण्याचा काळ

गिरगावातील खोताची वाडी ही मुंबईतील जुनी वस्ती. लाकडी सज्ज्यांची काही घरे आणि अरुंद, शांत गल्ल्या तेथे आजही टिकून आहेत. वाडीबाहेर जगन्नाथ शंकरशेठ मार्गावर पाऊल टाकताच मात्र वाहनांचा कोलाहल सुरू होतो. निरोगी कान हा बदल सहज सामावून घेतात. नव्याने श्रवणयंत्र लावलेल्या वृद्धास मात्र ही चार पावले जड जातात. अशा वेळी पुष्कळ जण यंत्र काढून कपाटात ठेवतात आणि पुन्हा एकटे पडतात. दोष बहुधा यंत्राचा नसतो. ते कानाशी जुळण्यास पुरेसा अवधी दिलेला नसतो.

वाढत्या वयात अंतःकर्णातील सूक्ष्म केशपेशी क्षीण होतात व प्रथम उच्च पट्टीचे ध्वनी हरपतात. ‘स’, ‘श’, ‘च’ यांसारखी व्यंजने पुसट होतात. समोरच्याने ‘पाच’ म्हटले की ‘सात’, हे उमगत नाही. म्हणूनच ‘ऐकू येते, पण कळत नाही’ ही तक्रार सार्वत्रिक आहे. शिवाय हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा सहन होत नाही, अशी अवस्था असल्याने केवळ आवाज वाढवून भागत नाही.

दीर्घकाळ न ऐकलेले ध्वनी परत येऊ लागले की पंख्याची घरघर, भांड्यांचा खणखणाट आणि स्वतःचाच आवाज नकोसा वाटतो. यांतील निरुपयोगी ध्वनी बाजूला सारण्यास मेंदूला काही आठवडे, क्वचित काही महिने लागतात. म्हणून प्रारंभी घरात एकाच व्यक्तीशी संभाषण, मग कुटुंबातील बैठक व शेवटी रस्ता आणि बाजार, असा क्रम ठेवावा. दररोजचा वापर हळूहळू वाढवावा.

श्रवणचाचणीच्या आलेखावरून तज्ज्ञ यंत्राची प्रारंभिक जुळणी करतात. तो केवळ आरंभबिंदू होय. कानाच्या पोकळीत बारीक नळी ठेवून यंत्राचा आवाज प्रत्यक्ष मोजल्यास जुळणी अधिक अचूक होते. पुढील दुरुस्ती वापरणाऱ्याच्या अनुभवावर अवलंबून असते. ‘बरोबर वाटत नाही’ एवढे सांगून भागत नाही. कोठे, केव्हा आणि कोणता आवाज त्रास देतो, याची टिपणे ठेवावीत. स्वतःचा आवाज घुमत असेल तर कानातील साच्याचे छिद्र किंवा खालच्या पट्टीतील वाढ बदलता येते. भांड्यांचा आवाज बोचत असेल तर कमाल आवाजाची मर्यादा कमी करता येते. शिट्टी वाजत असेल तर साचा सैल आहे किंवा कानात मळ आहे, हे पाहावे. रहदारीसाठी अनेक यंत्रांत स्वतंत्र जुळणी ठेवता येते. मुंबईच्या पावसाळ्यात यंत्र रात्री ओलावा शोषणाऱ्या डबीत ठेवणे हितकर ठरते.

केंद्र शासनाच्या १९८१ पासूनच्या ‘एडिप’ योजनेतून पात्र व्यक्तींना साहाय्यक साधने दिली जातात. वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाक् व श्रवण क्षेत्रात कार्य करते. तथापि शिबिरात यंत्र हाती देणे हे काम संपल्याचे लक्षण नव्हे. वाटपाच्या वेळीच फेरतपासणीची तारीख ठरवावी. पंचायत सदस्यांनी लाभार्थींची यादी जवळ ठेवून महिन्याभरात विचारपूस करावी आणि बॅटरी कोठे मिळते, हे सांगावे. मुले वाढतात तसा कानाचा साचा लहान पडतो व तो बदलावा लागतो. शिक्षकांनी अशा विद्यार्थ्यास पुढे बसवावे, त्याच्याकडे तोंड करून बोलावे आणि सकाळी यंत्र चालू असल्याची खात्री करावी. बॅटरी संपल्याचे लहान मूल स्वतः सांगेलच असे नाही. त्या दिवसाचा धडा मात्र त्याच्या कानावरून निघून जातो.