गाळप हंगाम, क्यूब आणि फेलोशिप

मराठवाड्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची काँक्रीट प्रयोगशाळा. भिंतीलगत पाण्याची टाकी आणि टाकीत बुडवलेले काँक्रीटचे क्यूब. प्रत्येकावर ऑइलपेंटने मिश्रणाचा क्रमांक आणि तारीख रंगवलेली. स्थापत्य अभियांत्रिकीत पीएच.डी. करणारी मुलगी २८ दिवस पुरे झालेले तीन क्यूब बाहेर काढते, फडक्याने पुसते, वजन करते आणि पहिला सीटीएममध्ये, म्हणजे दाबयंत्रात, ठेवते. भार ठरलेल्या गतीनेच वाढवावा लागतो, घाई केली तर आकडा चुकतो. आधी कडांवर बारीक भेगा उमटतात, मग एक कपची सुटते आणि काटा पुढे सरकायचा थांबतो. ती आकडा वहीत उतरवते, चुरा झाडते, दुसरा क्यूब उचलते.

साखर कारखान्याच्या बॉयलरमधून निघणारी बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, राख सिमेंटच्या जागी किती वापरता येईल, हा तिचा विषय. राखेचं प्रमाण ५, १०, १५ आणि २० टक्के, शिवाय तुलनेसाठी बिनराखेचं एक, अशी पाच मिश्रणं. ७, २८ आणि ९० दिवसांनी चाचणी, दर वेळी तीन क्यूब. एकूण ४५. १५० मिलिमीटर बाजूचा एक क्यूब साधारण आठ किलोंचा, म्हणजे नुसत्या दाबाच्या चाचणीच्या एका फेरीला साडेतीनशे किलोंहून जास्त काँक्रीट. ते ओतायचं, काढायचं, वाहायचं, फोडायचं. राख चाळायची, दळायची ती वेगळीच.

आणि राख हवी तेव्हा मिळत नाही. कारखान्याचं धुराडं दिवाळीच्या आगेमागे पेटतं, उन्हाळ्याच्या तोंडावर थंड होतं. त्या काळात पोती भरून आणली नाहीत तर थेट पुढच्या हंगामाची वाट पाहायची. राखेचा गुणही एकसारखा नसतो. बॉयलरचं तापमान बदललं की राख बदलते, म्हणून सगळ्या मिश्रणांना एकाच खेपेची राख लागते. टेम्पोचं भाडं, सिमेंट, खडी, रसायनं, बाहेरच्या प्रयोगशाळेत एक्सआरडी आणि एसईएम या चाचण्यांसाठी पाठवायच्या नमुन्यांचं शुल्क, हे सगळं रोख असतं. फेलोशिपचा हप्ता गाळपानंतर जमा झाला तर वर्ष हातचं गेलं.

तिच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली ती पहिली. मागे उभं राहून पदरचे पैसे घालणारं कुणी नाही. राज्य सरकारच्या संस्थेची फेलोशिप मिळते आणि तिच्यासाठी एक जाड फाइल सांभाळावी लागते: जात वैधता प्रमाणपत्र, नोंदणीचं पत्र, हजेरी, सहामाही प्रगती अहवाल, घरभाड्याची पावती, मार्गदर्शकांची सही, विभागप्रमुखांची सही, संशोधन केंद्राचा शिक्का. एक सही राहिली की फाइल मागे येते. सीटीएमसमोर ती जितकी एकाग्र असते तितकीच या फाइलसमोरही असावी लागते, आणि ही शक्ती संशोधनातूनच वजा होते.

रक्कम कमी आहे, असं आता सरसकट म्हणता येत नाही. १ जानेवारी २०२३ पासून केंद्राने कनिष्ठ संशोधकाची फेलोशिप महिना ३१,००० वरून ३७,००० रुपये केली, वरिष्ठाची ४२,०००. पण प्रयोगाच्या खर्चासाठी असलेली आकस्मिक रक्कम पाहा. अनुसूचित जातींसाठीच्या राष्ट्रीय फेलोशिपमध्ये विज्ञान-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ती पहिली दोन वर्षं वर्षाला १२,००० रुपये आणि पुढे २५,००० आहे. महिन्याला एक हजार! प्रयोगांची उभारणी याच पहिल्या दोन वर्षांत होते. खर्चाचा भार सुरुवातीला आणि वाढीव पैसा नंतर, ही रचना अभियांत्रिकीसाठी उलटी आहे.

अनुसूचित जातींसाठीच्या याच योजनेत अभियंत्यांपुढे आणखी मोठी अडचण आहे. ‘राजीव गांधी राष्ट्रीय फेलोशिप’ या नावाने २००५-०६ मध्ये ती सुरू झाली. आज तिच्यात दरवर्षी २,००० नव्या जागा आहेत, मात्र निवड नेट-जेआरएफ परीक्षेतून होते. सीएसआयआर-नेटचे विषय पाच: जीव, भौतिक, रसायन, गणित आणि भू-विज्ञान. यूजीसी-नेटमध्ये संगणक आणि इलेक्ट्रॉनिक्स आहेत. स्थापत्य, यांत्रिकी, धातुशास्त्र कुठेच नाहीत. या शाखांची मुलं गेट ही परीक्षा देतात आणि गेटचा गुणांक इथे चालत नाही. आयआयटीत गेटच्या जोरावर संस्थेचंच विद्यावेतन मिळतं. राज्य विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातल्या मुलीला तो आधार नसतो. आदिवासी विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय फेलोशिपला नेटची अट नाही, म्हणजे दुसरा मार्ग अशक्य नाही.

मग उरतात राज्य सरकारच्या संस्था: बार्टी, टीआरटीआय, सारथी, महाज्योती. या संस्थांमुळे महाराष्ट्रात हजारो मुलं संशोधनात टिकली, हे मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे. पण तिथली वाटही सरळ राहिलेली नाही. डिसेंबर २०२३ मधल्या सामाईक चाळणी परीक्षेची प्रश्नपत्रिका जुन्या सेट परीक्षेचीच निघाल्याचा आक्षेप आला आणि जानेवारी २०२४ मध्ये परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. फेलोशिपसाठी संशोधक आझाद मैदानावर आंदोलनाला बसले. मैदानावर गेलेले दिवस प्रयोगशाळेत भरून निघत नाहीत.

पैशाअभावी अभ्यास थांबण्याची झळ खुद्द डॉ. आंबेडकरांनाही बसली होती. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबियाला गेले, १९१६ मध्ये लंडनला. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. सिडनहॅम कॉलेजातल्या नोकरीतून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्राचं कर्ज यांवर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला पोचले. अर्थशास्त्राची टिपणं तीन वर्षांनी पुन्हा उघडता आली. ९० दिवसांचा क्यूब मात्र ९० व्या दिवशीच फोडावा लागतो. नंतर फोडला तर तो आकडा त्या तक्त्यात बसत नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी गेटचा गुणांक राष्ट्रीय फेलोशिपला ग्राह्य धरावा. आकस्मिक रकमेतला मोठा वाटा पहिल्या वर्षी द्यावा. आणि फेलोशिप दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, पगारासारखी, खात्यात पडावी. तिन्ही गोष्टी नियमावलीत दुरुस्ती करून होऊ शकतात. नियमावली ज्यांच्या हातात आहे त्यांनी ही दुरुस्ती येत्या गाळप हंगामाआधी करावी.